एका लेथच्या दोन पाळ्या

जयसिंगला लेथवर उभं राहायला शिकवलं ते कादरभाईने. शिकवलं म्हणजे पाठीवरून हात फिरवून नव्हे. कादरभाई तसला नव्हताच. पुनावळ्याहून सायकल मारत आलेला हा दांडगा गडी कंपनीच्या टर्निंग खात्यात नवा लागला, तेव्हा कादरभाईने त्याला महिनाभर नुसता मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडायला लावला. एकदा त्याच्या हातून जॉब बिघडला, तर भर खात्यात ओरडून विचारलं, "नांगर धरलायस व्हय रं?" सगळं खातं हसलं. चहा दुसऱ्याच्या पैशांनी प्यायचा, आपल्या हाताची तारीफ आपणच करायची, आणि आपल्या सात नंबरच्या लेथला दुसऱ्या कुणी हात लावलेला दिसला की दिवसभर धुसफुसायचं, असा कादरभाईचा खाक्या. पण कुणाचंही काम अडलं की शेवटी पाय त्याच्याकडेच वळायचे. आणि पुढे जयसिंगचा हात बसला, तेव्हा हाच कादरभाई दुसऱ्या खात्यांत जाऊन सांगायला लागला, "जयसिंगा माझा. माझ्या हाताखालचा."

सत्याहत्तर साली कंपनीत परदेशी बनावटीची नवी मशिनं आली. बटणं दाबायची आणि बघत बसायचं. कादरभाईला त्या मशिनांचा राग. "हे काय टर्नरचं काम हाय? वॉचमनचं काम हाय हे," म्हणायचा. मग बातमी आली की जुनी लेथं कंपनी विकणार, आणि बाहेरच्या भंगारवाल्यांच्या आधी कामगारांना संधी देणार. ज्याला हवं त्याने टेंडर भरायचं. कागदावर आपला आकडा लिहायचा, पाकीट बंद करून ऑफिसात टाकायचं, आणि ठरल्या दिवशी सगळी पाकिटं फोडून ज्याचा आकडा मोठा त्याला मशीन.

कादरभाईने त्याच दिवशी जाहीर केलं की सात नंबर आपण घेणार. चिंचवड गावात त्याच्या घराला लागून पत्र्याची एक पडवी होती. तिथे मशीन बसवायचं, कंपनी सोडायची आणि आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांची कामं धरायची. तेव्हा पिंपरीपासून भोसरीपर्यंत रोज नवी शेड उभी राहत होती. कामाला तोटा नव्हता.

युनियनचा खंडू कँटीनमध्ये बाकावर उभा राहिला. "ऐका राव सगळे. सात नंबरवर कादरभाईने जन्म काढलाय. त्या मशीनवर दुसऱ्या कुणी पाकीट टाकायचं न्हाई. हाय का कबूल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. "कबूल, कबूल" म्हणणाऱ्यांत जयसिंगचा आवाज चढा होता, आणि तो खोटा नव्हता. पुढे कितीतरी वेळा त्याने तो दिवस आठवून पाहिला. आपल्या मनात तेव्हा काही काळंबेरं होतं का, म्हणून मन खरवडून पाहिलं. काहीही नव्हतं.

पाळी सुटल्यावर कादरभाई आपली सायकल हातात धरून जयसिंगबरोबर चालत निघाला. वाटेत इकडेतिकडे पाहून त्याने आवाज खाली घेतला आणि आपण भरणार तो आकडा सांगितला. "जास्त होतोय का रे? तू मॅट्रिक झाल्याला माणूस. सांग."

जयसिंगने विचार केला. मशीनच्या मानाने आकडा कमीच होता. पण समोर कुणी उभंच राहणार नव्हतं, तर जास्त कशाला भरायचं? "बरोबर आहे भाई," तो म्हणाला. "एवढाच भरा. एक रुपया वर नको."

"तू म्हणतोस तर झालं," कादरभाई म्हणाला आणि टांग मारून निघून गेला.

त्याच आठवड्यात सांगवीला कस्तुराच्या, म्हणजे जयसिंगच्या बायकोच्या, माहेरी लग्न होतं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा दौलतराव आपल्या नव्या जीपमधून उतरला. सात-आठ वर्षांपूर्वी हा साडू जयसिंगसारखाच कंपनीत कामाला होता, साधा हेल्पर. आता भोसरीत त्याच्या दोन शेड होत्या. मांडवात त्याला पुढची खुर्ची मिळाली, सासऱ्याने स्वतः पाणी आणून दिलं. जयसिंगला कुणीतरी म्हणालं, "जयसिंगराव, जरा पंगतीकडं बघता का? वाढपी कमी पडतायत." तो बादली घेऊन वाढायला उठला. आमटी वाढत वाढत दौलतरावांच्या पानापाशी आला, तेव्हा साडू सगळ्यांना ऐकू जाईल असा हसून म्हणाला, "बघा, आमचे साडू इथंसुद्धा ड्यूटीवर! काय जयसिंगराव, ओव्हरटाइम मिळतो का हो ह्याचा?"

पंगत हसली. त्यात वाईट काही नव्हतं, लग्नघरातली थट्टा होती. पण पलीकडे बायकांच्या घोळक्यात कस्तुरा उभी होती. ती हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि मान दुसरीकडे फिरवली.

ते बैलगाडीने पुनावळ्याला परत आले. उतरल्यावर कस्तुरा एवढंच म्हणाली, "ताई म्हणत होती, दाजींनी पहिलं मशीन असंच कंपनीचं जुनं घेतलं होतं."

तिला खात्यात सगळ्यांनी दिलेल्या शब्दाचं काही ठाऊक नव्हतं. जयसिंगने सांगितलंही नाही. पण त्या वाक्याने त्याच्या डोक्यात जे सुरू झालं ते थांबेना. विकायला काढलेल्या लेथांत धड असं एकच होतं, सात नंबर. बाकीची भंगार. ती घेऊन कुणाचं भलं होणार नव्हतं. मग तो स्वतःशीच वकिली करायला लागला. मशीन काय कादरभाईच्या बापाचं आहे? कंपनीचं आहे. कंपनीने सगळ्यांना सांगितलंय. टेंडर म्हणजे टेंडर, त्यात कसला शब्द? आणि कादरभाईचं वय झालंय, तो असा किती वर्षं ते चालवणार? आपल्यापुढे अख्खं आयुष्य आहे. त्याने तरी आजवर आपल्यासाठी काय केलं? किती वेळा भर खात्यात पाणउतारा केला! नांगराचा तो जुना टोमणा, इतक्या वर्षांत ज्याचं त्याला हसूच येत आलं होतं, तो आता उकरून काढून त्याने त्याला धार लावली. माणसाला वाईट वागायचं असलं की तो आधी समोरच्याचे अपराध गोळा करतो. जयसिंगने ते दोन दिवसांत गोळा केले.

कस्तुराने पाटल्या काढून दिल्या. काही पैसे प्रॉव्हिडंट फंडातून उचलले. शेवटच्या दिवशी, पाकिटं घ्यायची वेळ संपत आली असताना, तो ऑफिसात गेला. कादरभाईने सांगितलेल्या आकड्याच्या थोडासाच वर आकडा त्याने लिहिला. फार वर भरायची गरजच नव्हती. हीच गोष्ट पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचायची. अंदाजाने भरला असता तर चढाओढ तरी म्हणता आली असती. त्याने तर कादरभाईचाच आकडा घेतला होता आणि त्यावर पाय देऊन तो वर चढला होता.

पाकिटं फोडायच्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात टर्निंग खातं जमलं होतं. कादरभाई इस्त्रीचा सदरा घालून आला होता. कारकुनाने एकेक मशीन वाचायला सुरुवात केली. सात नंबरला तो थांबला, दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले आणि म्हणाला, "सात नंबर, जयसिंग."

"चुकलं साहेब," खंडू म्हणाला. "कादर. नीट बघा."

कारकुनाने परत वाचलं. दोन्ही आकडे वाचले.

जयसिंगला वाटलं होतं की आरडाओरडा होईल, कुणी गचांडी धरेल. त्याची तयारी त्याने केली होती. टेंडर म्हणजे टेंडर, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते म्हणायची वेळच आली नाही. कादरभाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर आधी राग नव्हताच. गोंधळ होता. बरोबर धरलेलं माप मशीनवर चुकीचं निघालं की तो जसा पाहायचा तसा तो जयसिंगकडे पाहत होता. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. "मीच सांगितला की तुला," तो पुटपुटला आणि खाली थुंकून चालता झाला.

मग खंडू जवळ आला. "जयसिंगराव, एक सांगतो. त्यानं परवाच राजीनामा दिलाय. सगळ्यांनी शब्द दिला होता ना, म्हणून. आज ना उद्या द्यायचाच, मग आत्ताच देतो म्हणाला."

"मला माहीत नव्हतं," जयसिंग म्हणाला.

"माहीत असतं तर?" खंडूने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

खात्यातल्या लोकांनी साहेबाकडे जाऊन कादरभाईचा राजीनामा परत मागायचं ठरवलं. साहेबही कदाचित तयार झाला असता. पण कादरभाईनेच नाही म्हटलं. दिलेला कागद परत मागायला तो गेला नाही. महिनाभराने तो पिंपरीत चांदभाईच्या गॅरेजमध्ये रोजंदारीवर लागला. ट्रकच्या खाली झोपून ग्रीस काढायचं काम. टर्नरचं तिथे काही नव्हतं.

जयसिंगलाही कंपनीत राहणं जमलं नाही. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कुणी वाळीत टाकलं नाही. फक्त तो कँटीनमध्ये बसला की त्याच्या बाकावर जागा उरायची. त्यानेही राजीनामा दिला, आणि भोसरीच्या रस्त्याला लांडेवाडीच्या अलीकडे, दौलतरावांच्या ओळखीने मिळालेल्या शेडमध्ये लेथ बसवलं.

उद्घाटनाला दौलतराव नारळ घेऊन आले. त्यांना सगळी हकीकत कुठून तरी कळली होती. त्यांनी जयसिंगच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा! मला वाटायचं तुमच्यात धंद्याची अक्कल न्हाई. पण आकडा काढून घेतलात आणि वर चार रुपये टाकलेत, व्वा! हेच लागतं. मी असतो तर हेच केलं असतं."

इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडून शाबासकी ऐकायला जयसिंग आसुसला होता, ती ही अशी मिळाली. त्याने हातातला पेढा खाल्ला नाही, खिशात घातला. पलीकडे कस्तुरा उभी होती आणि ती सगळं ऐकत होती.

घरी गेल्यावर तिने विचारलं. त्याने सांगितलं. सगळंच सांगितलं, शिकवण्यापासून राजीनाम्यापर्यंत.

"मला आधी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर पाटल्या काढल्या नसत्या मी हातातल्या." मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी केलंत म्हणून सांगू नका हं कधी. मी असं मागितलं नव्हतं."

तो तसं सांगणारच होता. तेही दार बंद झालं.

काम मिळायला लागलं, वाईट चाललं नव्हतं. पण या पट्ट्यात लेथवरची माणसं एकमेकांना ओळखतात, आणि मशिनंही ओळखतात. जॉब घेऊन आलेला एखादा जुना फिटर मशीनभोवती फिरायचा आणि म्हणायचा, "हे कादरभाईचं न्हाई का?" जयसिंग म्हणायचा, "कंपनीचं होतं." एका रविवारी त्याने मशीनला वरपासून खालपर्यंत निळा रंग मारला. जुना हिरवा कुठेही दिसू दिला नाही. सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक आलं, त्याने मशीनच्या लांब बेडवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रंग बदललात होय? सात नंबर ना हे?"

भाव करतानाही त्याचं काहीतरी बिनसलं होतं. गिऱ्हाईक मजुरी पाडून मागायचं आणि तो चटकन कबूल व्हायचा. भांडायला तोंड उघडलं की आपलाच आवाज त्याला लबाडाचा वाटायचा. दौलतराव चिडायचे. "अहो, एवढी अक्कल दाखवलीत आणि आता धर्मशाळा कसली उघडलीत?" जयसिंगला स्वतःलाच ते उलगडून सांगता येत नव्हतं. एकदा मोठी लबाडी केल्यावर त्याला छोटा, साधा, सरळ नफाही घेववेना.

वर्ष तसंच काढल्यावर एके दिवशी दुपारी शेड बंद करून तो कादरभाईच्या घरी गेला. जायच्या आधी कस्तुराला विचारलं. ती म्हणाली, "जा. पाटल्यांची काळजी नको."

दार रहिमाबीने उघडलं. कादरभाईची बायको. गोधडी शिवत बसली होती, सुई तशीच हातात. तिने त्याला ओळखलं, दारातून बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही. कादरभाई गॅरेजमधून जेवायला आला होता. नखांत काळं ग्रीस, पुढ्यात भाकरी.

"भाई," जयसिंग उभ्यानेच म्हणाला, "मशीन तुम्हाला द्यायला आलोय. तुमच्या आकड्याला. तुम्ही भरला होतात तेवढ्यालाच."

कादरभाई घास चावत राहिला. "माझा आकडा तुला कुणी सांगितला?"

जयसिंगने खाली पाहिलं. "तुम्हीच."

"हां. मीच." त्याने पाण्याचा घोट घेतला. "नगं मला."

"भाई, मी चुकलो. मला..."

"तू मशीन विकायला आला न्हाईस, जयसिंगा. तुझ्या जिवाला जे लागलंय ना, ते माझ्या गळ्यात बांधायला आलाईस. मी मशीन घेतलं की तू मोकळा. जाशील शिटी वाजवत. आन् लोक म्हणतील, बघा, जयसिंग किती भला! मी न्हाई घेत. ठेव तुझं तुझ्याकडं."

"घ्या की हो," रहिमाबी एकदम म्हणाली.

दोघांनीही वळून पाहिलं.

"काय घ्या? तू गप बस."

"का गप बसू? फसवलं त्यानं. आता परत देतोय तर घ्यायचं न्हाई? वर्षभर ट्रकखाली लोळताय, रात्री पाठ मी शेकतीय. तुमच्या ऐटीवर भाकरी भाजते का इथं?"

"रहिमा, ह्या माणसाच्या देखत बोलू नगंस!"

"त्याच्या देखतच बोलणार! त्याला बी कळू दे!" तिने सुई जयसिंगवर रोखली. "आन् तू. तुला माफी पायजे व्हय? हितं न्हाई मिळायची. तू त्यांची नोकरी घेतलीस, मशीन घेतलंस. आता त्यांचा अभिमान बी घ्यायला आलास. देतो म्हणायचं, ह्यांनी न्हाई म्हणायचं, मग तू गावभर सांगायचं, मी देत होतो, त्यांनीच घेतलं न्हाई!"

"नाही भाभी, शप्पत..."

"शप्पत घेऊ नगंस. तुझा शब्द समद्या कँटीननं ऐकलाय."

नवराबायकोचं पुन्हा जुंपलं. त्यात जयसिंगचं नावही उरलं नाही. पाठदुखी, घरभाडं, मोठ्या लेकीच्या सासरचे टोमणे, सगळं निघालं. दारात उभा राहून तो ते ऐकत होता. आपण एका घरात किती खोलवर नासधूस केली आहे ते त्याला त्या दिवशी कळलं. तो कधी निघून आला ते त्या दोघांच्या लक्षातही आलं नसावं.

आठवड्याभराने रहिमाबी शेडवर आली. एकटीच, डोक्यावरून पदर, पायांत धूळ. चालतच आली असावी. तिने मशीन न्याहाळलं. इतकी वर्षं त्याचं नाव ऐकलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच.

"हेच का ते?" ती म्हणाली. "मला वाटलं, लई मोठं असंल."

जयसिंगने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"ह्याचं भाडं काय घेशील?"

"भाडं?"

"सकाळच्याला तू चालवायचं. दोन वाजल्यापासनं रात्रीपत्तुर ते चालवतील. त्यांचं काम ते आणतील, त्यांचा पैसा त्यांचा. तुला मशीनचं भाडं."

"भाभी, भाडं कसलं? तुम्ही फुकट..."

"फुकट म्हणलास तर हितनंच माघारी जाते," ती म्हणाली. "बाजारात जे भाडं चालतं ते सांग. पै कमी नगं, पै जास्त नगं. मी चौकशी करून आलीया, तवा खोटं बोलू नगंस."

त्याने बाजारभाव सांगितला.

"बराबर," ती म्हणाली. "महिन्याच्या महिन्याला मी आणून देईन. मोजून घ्यायचं. आन् एक. ते यायच्या टायमाला तू हितं दिसायचं न्हाई. ही अट त्यांची. लई भांडून एवढ्यावर आणलंय. तुझं तोंड बघायचं न्हाई म्हणतात."

"बरं," जयसिंग म्हणाला.

तेव्हापासून एका लेथला दोन पाळ्या झाल्या. जयसिंग सकाळी उजाडता यायचा आणि दोन वाजायच्या आत किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे ठेवून निघायचा. कधी जॉब अर्धा राहायचा, गिऱ्हाईक बोंब मारायचं, पण तो थांबायचा नाही. एकदा उशीर झाला, तर वळणावर कादरभाईची सायकल दिसताच तो शेडच्या मागल्या बाजूने, बाभळी आणि भंगारातून वाट काढत पळाला. स्वतः शेडचं भाडं भरणारा मालक, आणि चोरासारखा पळतोय! पुढे जाऊन तो एका दगडावर बसला. दम लागला होता. हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

सकाळी आल्यावर मशीन लख्ख पुसलेलं असायचं. कीस झाडून कोपऱ्यात लावलेला. तेल घातलेलं. आपणही तसंच ठेवून जायचं, एवढं तो शिकला. दोघांत बोलणं असं हेच. कादरभाईचं काम वाढत गेलं. नाव जुनं, हात जुना. दुपारनंतरच्या पाळीची गिऱ्हाइकं सकाळच्या पाळीपेक्षा जास्त झाली.

महिन्याला रहिमाबी यायची आणि भाड्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवायची. "मोज," म्हणायची. त्याला ते मोजावे लागायचे. दौलतरावांचा टोमणा, कँटीनमधली रिकामी जागा, हे सगळं त्याने पचवलं. पण हे पैसे मोजताना त्याची बोटं एकमेकांना चिकटायची. ज्याचं हिरावलं त्याच्याचकडून भाडं घ्यायचं, आणि नाही म्हणायची सोय नाही! नाही म्हटलं तर तेही दान झालं असतं, आणि दान करायचा हक्क त्याने घालवला होता. त्या पैशांतून त्याने आधी कस्तुराच्या पाटल्या केल्या. तिने त्या घेतल्या, पण घातल्या नाहीत. "राहू द्या पेटीत," म्हणाली. "सणाला बघू." सण आले आणि गेले.

ऐंशी सालच्या दिवाळीनंतर रहिमाबी आली ती जरा हसतमुख. पैसे ठेवून म्हणाली, "ह्या महिन्याचं हे शेवटचं. त्यांनी पंजाबकडलं नवं लेथ घेतलंय. घरच्या पडवीत बसवलं."

"चांगलं झालं भाभी," जयसिंग म्हणाला, आणि ते त्याला खरोखरच वाटलं. मग न राहवून विचारलं, "भाई काही म्हणाले का?"

"कशाबद्दल?"

"असंच. माझ्याबद्दल."

रहिमाबीने त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता आता, पण दुसरंही काही नव्हतं. "न्हाई," ती म्हणाली. "तुझं नाव आमच्यात निघत न्हाई. मोजलंस का?"

"मोजले."

ती गेली. त्या दिवशी दोन वाजले तसा तो सवयीने हात पुसून उठला, किल्ली घेऊन दारापर्यंत आला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता जायची गरज नाही. तो परत आत जाऊन मशीनपाशी उभा राहिला. आता ते दिवसभर त्याचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याला जे हवं होतं ते आज पुरतं मिळालं होतं. दुपारची शेड कशी दिसते हेही तो विसरला होता. पत्र्याच्या फटीतून ऊन थेट मशीनच्या बेडवर येत होतं. त्याला तिथे परक्यासारखं वाटायला लागलं.

एवढ्यात चाकणकडून आलेला एक माणूस सायकलवरून पोतं उतरवत आत आला. पोत्यात पंपांचे शाफ्ट होते, बरेच.

"कादरभाई न्हाईत का? दुपारचे असतात ना हितं?"

"आता नसतात. त्यांनी स्वतःचं टाकलंय. चिंचवड गावात."

"आरं देवा." माणसाने घाम पुसला. "एवढं वझं घेऊन परत तिकडं कुठं जाऊ? तुम्ही बी टर्नरच ना? मशीन तेच हाय. तुम्हीच करा की. मजुरी तीच देतो. पुढचं काम बी हितंच टाकत जाईन."

काम चांगलं होतं. दोन-तीन महिने पुरलं असतं. जयसिंगने एक शाफ्ट हातात घेऊन पाहिला आणि पोत्यात परत ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला. "त्यांचं काम आहे, त्यांच्याकडंच न्या. स्टेशनवरून खाली उतरलात की नदीच्या बाजूला वळा. मशिदीच्या पुढं पत्र्याची पडवी दिसेल."

"अहो, पण हितं आलोय तर..."

"चला, मी पोतं वर चढवून देतो."

त्याने पोतं उचलून कॅरिअरला ठेवलं, दोरी आवळून दिली. माणूस काहीतरी पुटपुटत, पायडल मारत निघून गेला. जयसिंग रस्त्यावर उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होता. काही चांगलं केल्यासारखं त्याला वाटलं नाही. दौलतरावांना कळलं तर ते मूर्ख म्हणतील, हेही आठवलं, पण त्याचं काही वाटलं नाही. तिकडे पोचल्यावर तो माणूस सांगेल का, की मला जयसिंगने पाठवलं? सांगितलं तर कादरभाई काय म्हणेल? काही म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं.

तो आत आला आणि सकाळचा राहिलेला जॉब त्याने मशीनला लावला.